बेसबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी किट बॅग कशी निवडावी?

बावडेकरीण

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी १३ वर्षांची आहे. दोन वर्षे ती शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळली आणि या जूनपासून बेसबॉलकडे वळली आहे. सरांनी तिला सेकंड बेसवर, म्हणजे दुसऱ्या तळाजवळच्या क्षेत्ररक्षणाच्या जागी उभे केले आहे. आठवड्यातून चार दिवस सराव असतो. कोल्हापुरातल्या कसबा बावड्यातून ती कधी केएमटीने, म्हणजे शहर बसने, तर कधी तिच्या वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून मैदानावर जाते. पुढे स्पर्धा सुरू झाल्या की सांगली, सातारा, रत्नागिरी असा एसटीचा प्रवास असेल.

तिच्यासाठी घरबसल्या मागवलेली एक बॅग तिसऱ्या आठवड्यातच निकामी झाली. मध्यवर्ती बस स्थानकावर गाडीत चढताना उजव्या खांद्याचा पट्टा वरच्या शिवणीतून सुटला, बॅग एका बाजूला कलली आणि बॅट फलाटावरून घरंगळत गाडीच्या मागच्या चाकापाशी जाऊन थांबली. वाहकाने गाडी थांबवली म्हणून बॅट वाचली. रात्री बॅग नीट पाहिली, तेव्हा एवढे वजन पेलणारा तो पट्टा कापडावर एकाच सरळ शिलाईने टाचलेला दिसला. बॅटसाठी बाजूला जो खण होता, त्यात तिची बॅट मुळात पूर्ण जातच नव्हती, त्यामुळे ती अर्धी बाहेर राहत असे.

आता दुसरी बॅग घ्यायची आहे. पाठीवरची सॅक, आडवी लांब बॅग आणि चाकांची बॅग असे तीन प्रकार समोर आहेत. दोन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, पण पुन्हा फसायचे नाही. ज्यांची मुले खेळतात किंवा जे स्वतः खेळले आहेत, त्यांनी नेमके काय पाहून बॅग घ्यावी ते कृपया सांगावे.

जुना शॉर्टस्टॉप

ताई, आमच्या वेळी बेसबॉलची वेगळी बॅग कोल्हापुरात पाहायलाही मिळत नसे. आम्ही क्रिकेटची किट बॅग वापरायचो आणि तिने वर्षानुवर्षे साथ दिली. नियमाप्रमाणे क्रिकेटची बॅट ३८ इंचांपर्यंत लांब असू शकते, तर तुमच्या मुलीची बॅट ३० ते ३२ इंचांची असेल, म्हणजे लांबीचा प्रश्न येत नाही. शिवाय क्रिकेटच्या बॅगा गावातल्या कोणत्याही खेळाच्या दुकानात हाताने चाचपून घेता येतात आणि बिघडल्या तर त्याच दुकानात परत नेता येतात. माझे मत क्रिकेटच्या साध्या, बिनचाकाच्या बॅगेला.

कॅचरचे बाबा

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे आणि कॅचर आहे, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलतो. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, दोन्ही पायांचे लेग गार्ड आणि जाडजूड कॅचर मिट (झेलायचा हातमोजा) एवढे सामान पाठीवर लादणे मला पटले नाही, म्हणून आम्ही चाकांची बॅग घेतली. ज्याला एवढे सामान न्यायचे आहे त्याने चाकांचीच घ्यावी, या मतावर मी ठाम आहे.

क्रीडाशिक्षक करवीर

कॅचरचे बाबा यांचे म्हणणे त्यांच्या मुलापुरते योग्य आहे. मात्र ताईंची मुलगी सेकंड बेसला खेळते, हे विसरून चालणार नाही. कोणत्या जागी खेळायचे यावरून सामान ठरते आणि सामानावरून बॅग ठरते. हा क्रम उलटला की पैसे वाया जातात. आतल्या फळीतल्या खेळाडूला एक ग्लोव्ह, एक बॅट, स्वतःचे हेल्मेट, बूट, पाणी आणि बदलायचे कपडे एवढेच लागते. कॅचरचा संच आणि सरावाचे चेंडू ही संघाची मालमत्ता आहे. ती शाळेच्या पेटीतून गेली पाहिजे. उत्साहाच्या भरात मुले संघाचे आठ-दहा चेंडू आपल्या बॅगेत भरतात. एक चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो. दहा चेंडू म्हणजे दीड किलोच्या आसपास अनावश्यक ओझे झाले. पालकांनी महिन्यातून एकदा बॅग रिकामी करून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चाकांबद्दल माझा अनुभव असा आहे की पावसाळ्यात मैदानाच्या फाटकापासून खेळाच्या जागेपर्यंतच्या चिखलात चाके रुतून बसतात, त्यांच्या आसाभोवती गवत गुंडाळले जाते आणि शेवटी दोन मुले ती बॅग उचलून आणतात. रिकामी असतानाही चाकांची बॅग साध्या सॅकपेक्षा बरीच जड असते, त्यामुळे ती उचलण्याची वेळ आली की त्रास अधिकच होतो.

कॅचरचे बाबा

सर, चिखलाचा मुद्दा मान्य आहे. आम्हीही जुलै-ऑगस्टमध्ये चाकांची बॅग फाटकापर्यंतच नेतो आणि तिथून गार्ड अंगावर चढवूनच मुलगा आत जातो. तरीही वसतिगृहापासून मैदानापर्यंतचा डांबरी रस्ता तो रोज एकटा पार करतो, आणि तेवढ्यासाठी चाके मला आवश्यक वाटतात.

फिजिओ राजारामपुरी

बॅग घेण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढावा, हे मी प्रत्येक पालकाला सांगते. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले आहे. खेळाच्या बॅगेलाही हेच माप लावावे असे मला वाटते, कारण पाठ तीच आहे आणि त्याच दिवशी तिने शाळेचे दप्तरही वाहिलेले असते.

दुसरी गोष्ट खांद्याची. आडवी लांब बॅग एकाच खांद्याला अडकवली जाते, आणि मुले ती सवयीने बहुधा चेंडू फेकण्याच्या हाताच्या खांद्यालाच लावतात. सराव सुरू होण्यापूर्वीच त्या खांद्याला अर्धा तास ओढ बसणे टाळता येण्यासारखे आहे. दोन्ही खांद्यांवर रुंद, गादीचे पट्टे असलेली सॅक घ्यावी. तिचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही असे पट्टे आवळावेत आणि जड वस्तू पाठीला चिकटून ठेवाव्यात. बॅट एकाच बाजूला असेल तर पाण्याची बाटली मुद्दाम दुसऱ्या बाजूला ठेवावी, नाहीतर मूल नकळत एका अंगावर झुकून चालू लागते. ते मागून चालत पाहिले की लगेच कळते.

जुना शॉर्टस्टॉप

फिजिओताई, तुमच्या शब्दाचा मान ठेवूनही एक शंका मांडतो. दप्तर शाळेच्या प्रत्येक दिवशी असते, किट बॅग आठवड्यातून चार वेळा. शिवाय खेळणारे मूल इतरांपेक्षा काटक असते. १० टक्क्यांचा नियम इथे एवढा काटेकोर पाळायची खरोखरच गरज आहे का?

फिजिओ राजारामपुरी

अर्धा किलो इकडे-तिकडे झाल्याने आभाळ कोसळणार नाही, हे मान्य. मात्र १३ व्या वर्षी मुले झपाट्याने उंच होत असतात. काटकपणा दिसतो तो स्नायूंचा, हाडांची वाढ तर अजून चालूच असते. म्हणून मर्यादा आधी आखावी आणि मग तिच्यात सामान बसवावे. उलट केले तर मर्यादा रोज थोडी थोडी सरकत जाते.

बावडेकरीण

फिजिओताईंच्या सांगण्यावरून काल रात्री आम्ही दोघींनी एकेक वस्तू काट्यावर ठेवली आणि मुलीने वहीत आकडे लिहिले. ग्लोव्ह ५६०, हेल्मेट ६२०, बूट ६४०, ॲल्युमिनियमची बॅट ६००, लाकडी बॅट ८२०, दोन चेंडू २९०, भरलेली बाटली ११५०, डबा ४५०, टॉवेल आणि कपडे ५००. सगळे मिळून ५ किलो ६३० ग्रॅम झाले. जुनी रिकामी बॅग १ किलो १०० ग्रॅमची आहे, म्हणजे एकूण ६ किलो ७३० ग्रॅम. मुलीचे वजन ४२ किलो आहे, त्यामुळे तिने ४ किलो २०० ग्रॅमपेक्षा जास्त उचलायला नको होते. आई म्हणून ही बेरीज पाहताना मला फार वाईट वाटले, कारण ती कधी तक्रार करत नव्हती.

मग तिनेच तोडगा काढला. लाकडी बॅट घरी ठेवायची आणि चेंडू सरांकडे द्यायचे. मैदानाशेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, म्हणून बाटली रिकामी न्यायची आणि तिथे भरायची. त्यामुळे सामान ३ किलो ५२० ग्रॅमवर आले. आता बॅग ७०० ग्रॅमच्या आसपास मिळाली तर सगळे ४ किलो २२० ग्रॅममध्ये बसते. एवढी हलकी आणि तरीही टिकाऊ बॅग असते का?

दोरा आणि चेन

ताई, मी बॅगा शिवतो आणि दुरुस्तही करतो. वडिलांपासूनचा हाच व्यवसाय आहे. हलकी आणि टिकाऊ बॅग असते, फक्त ती बाहेरून दिसणाऱ्या रंगावरून आणि नक्षीवरून ओळखता येत नाही. मी दुरुस्तीला आलेली बॅग हातात घेतली की आधी ती उलटी करून अस्तर पाहतो. तुम्हीही दुकानात तसेच करा.

खांद्याचा पट्टा जिथे बॅगेला जोडलेला असतो, तिथे चौकोन आणि त्या चौकोनात फुली अशी शिलाई असली पाहिजे. पट्ट्याचे टोक केवळ शिवणीच्या आत खुपसून वरून एक सरळ टीप मारली असेल तर ते सुटणारच, आणि तुमच्या बॅगेचे नेमके तेच झाले. त्या जोडाच्या आतल्या बाजूला कापडाचा जाड तुकडा लावलेला आहे का, ते बोटाने चाचपावे. तो नसेल तर शिलाई टिकली तरी कापड फाटते.

चेनच्या बाबतीत मुख्य खणाला आठ किंवा दहा नंबरची चेन असावी. पाच नंबरची बारीक चेन लहान खिशाला चालते. बूट आणि हेल्मेट कोंबलेल्या खणाला ती पुरत नाही. रनर, म्हणजे चेनवर सरकणारी कडी, दोन्ही टोकांपासून ओढून पाहावा आणि कोपऱ्यावर तो अडखळतो का, ते पाहावे, कारण मुले घाईत नेमके तिथेच हिसका देतात. चेनचे दात शाबूत असतील तर केवळ रनर बदलून काम भागते. पूर्ण चेन बदलावी लागेल असे कोणी म्हटले तर एकदा दुसऱ्याला दाखवावे.

कापड सहाशे डेनियरचे (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) पॉलिस्टर असले तरी पुरे. त्याच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा लेप असतो. नखाने हलके खरवडल्यावर त्याची पांढरी भुकटी पडू लागली, तर ते कापड पहिल्या पावसातच गळेल. तळाला मात्र दुहेरी कापड किंवा रेक्झिन हवेच, कारण मुले बॅग खाली ठेवत नाहीत, ती टाकतात.

गगनबावड्याचा पाऊस

पावसाबद्दल अजून कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बॅगेचा खरा शत्रू म्हणजे कोंडलेला ओलावा. माझ्या धाकट्या भावाचा चामड्याचा ग्लोव्ह सराव संपल्यावर ओल्या बुटांसह एकाच खणात राहिला आणि वर बॅगेची चेन पूर्ण लावलेली होती. घरात पाहुणे होते, त्यामुळे चार दिवस कोणाचे लक्ष गेले नाही. पाचव्या दिवशी बॅग उघडली तेव्हा ग्लोव्हच्या तळव्यावर हिरवट पांढरी बुरशी उगवलेली होती आणि बोटांमधल्या चामडी वाद्या भिजलेल्या पापडासारख्या मऊ झाल्या होत्या. आईने घाबरून तो ग्लोव्ह चुलीजवळ वाळवला. वाळला खरा, पण चामडे कडक होऊन त्याला भेगा पडल्या, आणि चेंडू झेलताना तो मिटेनासा झाला.

म्हणून बुटांचा खण वेगळा असावा, त्याला हवा जाण्यासाठी जाळी किंवा धातूची छिद्रे असावीत, आणि तो खण ग्लोव्हच्या खणाला चिकटून नसावा. ग्लोव्ह भिजलाच तर कोरड्या सुती कापडाने टिपून, मध्ये चेंडू ठेवून, सावलीत वाऱ्यावर वाळवावा; ऊन, चूल आणि गरम हवेचे यंत्र या तिन्हींपासून तो दूर ठेवावा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. आमच्या घरात आता बॅगेला खुंटी ठरलेली आहे. घरी आल्यावर सगळ्या चेनी उघडून बॅग खुंटीला टांगायची, हा नियम पाहुणे असले तरी मोडत नाही.

जुना शॉर्टस्टॉप

गगनबावडेकर, तुमचे म्हणणे वाचून माझे क्रिकेटच्या बॅगेचे मत थोडे ढिले झाले. त्या बॅगेत आतून एकच मोठी पोकळी असते आणि आमच्याही ग्लोव्हला बुटांचा चिखल लागायचा, हे आता आठवते. माझी आजी त्यावर एक उपाय करायची. जुन्या धोतराच्या मऊ कापडाची नाडीची पिशवी शिवून तिने मला दिली होती आणि ग्लोव्ह त्यातच राहायचा. सुती कापडातून हवा खेळते. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र ग्लोव्ह कधीही ठेवू नये. ज्यांना नवीन बॅग घेणे शक्य नाही त्यांनी निदान एवढे जरूर करावे.

नवखी आई

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, नुकताच खेळू लागला आहे. हेल्मेट बॅगेच्या आत ठेवावे की बाहेर अडकवावे? दुकानात दोन्ही प्रकार दाखवले.

क्रीडाशिक्षक करवीर

आत. बेसबॉलच्या हेल्मेटला दोन्ही कानांवर झाकणे असल्यामुळे ते बॅगेत खूप जागा खाते, म्हणून ते बाहेर अडकवायची सोय देतात. बाहेर लोंबणारे हेल्मेट मात्र बसच्या दांड्याला, भिंतीला आणि फरशीला आपटत राहते. हेल्मेटला बारीक तडा गेला तरी ते वापरायचे नसते, आणि तो तडा रंगाखाली सहज दिसत नाही. दुकानात जाताना स्वतःचे हेल्मेट, ग्लोव्ह आणि बूट बरोबर न्यावेत, ते प्रत्यक्ष बॅगेत भरून चेन लावून पाहावी. दुकानदाराने नाराजी दाखवली तर दुसरे दुकान गाठावे.

जाळीला अडकवायच्या हुकाबद्दलही एक शब्द. अमेरिकेतल्या मैदानांवर खेळाडू बसतात तिथे तारेची जाळी असते आणि तिला बॅगा ओळीने टांगतात, त्यासाठी तो हूक दिलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर तशी जाळी नसली तरी कठड्याला, झाडाच्या फांदीला किंवा खिडकीच्या गजाला बॅग टांगता येते. चिखलापासून आणि मुंग्यांपासून बचाव होतो. हूक असलेली बॅग मिळाली तर अवश्य घ्यावी.

स्कूटरवरचे बाबा

मुले स्कूटरवर मागे बसून जातात, त्याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. आडव्या बॅगेत ३१ इंचांची बॅट आडवी राहते. म्हणजे जवळजवळ ७९ सेंटिमीटर. बॅगेची दोन्ही टोके स्कूटरच्या हँडलच्याही बाहेर जातात. महाद्वार रोडवर संध्याकाळच्या गर्दीत माझ्या मुलाच्या बॅगेचे टोक एका फळांच्या हातगाडीला लागले आणि आम्ही दोघेही पडता पडता वाचलो. त्या दिवसापासून बॅट उभी राहील अशीच बॅग आमच्या घरात आहे.

उभ्या बॅटचाही एक धोका आहे. लहान चणीच्या मुलाच्या डोक्यावर बॅटची मूठ वर येते आणि केएमटीच्या दारात वरच्या दांड्याला अडकते. मूल पुढे जाते, बॅट मागे राहते आणि मान मागे ओढली जाते. बसमध्ये चढण्यापूर्वी बॅग पाठीवरून काढून पोटाशी धरायची सवय आम्ही मुद्दाम लावली.

फिजिओ राजारामपुरी

स्कूटरवरचे बाबा, हा अतिशय मोलाचा मुद्दा आहे. बॅटचा खण जितका खालपर्यंत जाईल तितकी मूठ खाली राहते. म्हणून खणाचा तळ बॅगेच्या तळाशी समपातळीत असलेली सॅक निवडावी.

बावडेकरीण

बॅट खणात का जात नव्हती, हे मला अजूनही समजलेले नाही. बॅगेवर तर बेसबॉलचीच बॅग असे लिहिले होते.

क्रीडाशिक्षक करवीर

ताई, बॅटच्या जाड भागाचा व्यास पाहा. अमेरिकेत लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या लहान गटांत २०१८ पूर्वी सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर व्यासापर्यंतच्याच बॅट चालत. २०१८ पासून २ ५/८ इंच, म्हणजे सुमारे ६७ मिलिमीटरपर्यंतच्या चालतात. ज्या बॅगेचे खण जुन्या मापावर बेतलेले असतील त्यात नवी बॅट अडकणार. तुमची बॅट बहुधा मोठ्या व्यासाची असावी. घरी दोरी गुंडाळून घेर मोजा. घेर २१ सेंटिमीटरच्या आसपास भरला तर माझा अंदाज खरा आहे.

बॅटच्या वजनाबद्दलही सांगतो, कारण पुढच्या वर्षी तुम्हाला ते लागेल. बॅटवर लांबी इंचांत असते आणि शेजारी उणे दहा, उणे आठ असा आकडा असतो. लांबीच्या इंचांतून तेवढे वजा केले की वजन औंसांत मिळते. ३१ इंच उणे १० म्हणजे २१ औंस, आणि औंस सुमारे २८ ग्रॅमचा धरला तर साधारण ६०० ग्रॅम. तुमच्या काट्याने तेच दाखवले आहे. पुढे उणे आठ किंवा उणे पाचची बॅट आली की वजनाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

बावडेकरीण

सर, घेर बरोबर २१ सेंटिमीटर भरला. मनःपूर्वक आभार. दोन दुकाने पालथी घातली. एका सॅकमध्ये हेल्मेट बसले की बूट बसत नव्हते. दुसरी सगळ्या बाबतींत उत्तम होती, पण रिकामीच दीड किलोची होती. त्यामुळे आता बॅग शिवूनच घ्यावी असे वाटू लागले आहे. दोरा आणि चेन दादा, तुम्ही शिवून द्याल का?

दोरा आणि चेन

अवश्य शिवून देईन. मुलीला आणि तिचे सगळे सामान घेऊन या. मुलगी आल्याशिवाय मी माप घेणार नाही, कारण पट्ट्याची लांबी आणि पाठीची उंची तिच्या अंगावरूनच ठरेल.

जुना शॉर्टस्टॉप

शिवून घेण्यात एक अडचण दिसते. विकतच्या बॅगेच्या पाठीला गादीचा आकार दिलेला असतो, हाताने शिवलेली बॅग पोत्यासारखी लोंबते. ताईंनी ते आधी विचारून घ्यावे.

दोरा आणि चेन

दादांची शंका रास्त आहे. पाठीच्या बाजूला मी सहा मिलिमीटरचा फोम दोन कापडांत घालून उभ्या टिपा मारतो, त्यामुळे पाठ ताठ राहते आणि मधल्या खाचांतून हवाही जाते. वजन वाढते ते फोममुळे नाही. जास्तीचे खिसे, धातूची बक्कले आणि शोभेच्या पट्ट्या यांच्यामुळे वाढते. ते सगळे वगळू.

नवखी आई

तीन संघांच्या काळ्या बॅगा एका ओळीत ठेवल्या की आपली कोणती ते मुलांना कळत नाही. आम्ही पट्ट्यावर पिवळ्या कापडाची चिंधी शिवून घेतली आणि नाव-पत्ता आतल्या झाकणावर लिहिला. नाव बाहेर मोठ्या अक्षरांत लिहू नये, असे सरांनी सांगितले होते.

गगनबावड्याचा पाऊस

ताई, शिवूनच घेत असाल तर वरून घालायचे पावसाळी आवरण त्याच मापाचे करून घ्या आणि बॅटच्या खणाच्या तळाला एक लहान छिद्र ठेवा. वरून गळलेले पाणी खणात साचले तर लाकडी बॅट टोकाकडून ओल धरते आणि जड होते.

बावडेकरीण

महिना झाला, म्हणून सविस्तर कळवते. दादांच्या दुकानात मुलीने स्वतः बॅग अंगावर घालून तीन वेळा माप दिले. दादांनी खडूने तिच्या खांद्याची आणि कमरेची खूण कापडावर केली, हेल्मेट मध्यभागी ठेवून त्याच्या भोवती बाकीचे खण आखले. बूट खाली, स्वतंत्र खणात, जाळीसह. ग्लोव्ह वरच्या खणात. बॅटचा खण तळापर्यंत, डावीकडे, बाटली उजवीकडे. खर्च माझ्या मर्यादेच्या आतच झाला. रिकामी बॅग ७६० ग्रॅम भरली, म्हणजे आमच्या आकड्यापेक्षा ६० ग्रॅम जास्त, आणि ते पावसाळी आवरणाचे आहेत.

गेल्या शनिवारी संघ रत्नागिरीला सामना खेळायला गेला. आंबा घाटात पाऊस धो धो कोसळत होता आणि एसटीच्या डिकीत पाणी शिरले होते. मुलीने रात्री फोन करून सांगितले, "आई, आवरण ओलं झालं, पण ग्लोव्ह कोरडा आहे." इतर चौघींचे बूट आणि कपडे भिजले होते, हिने आपला टॉवेल त्यांना दिला. परत आल्यावर मी न सांगता तिने चेनी उघडून बॅग खिडकीच्या गजाला टांगली.

दोन उणिवा राहिल्या आहेत. बाटलीचा खण उथळ झाला आहे, त्यामुळे वाकल्यावर बाटली निसटते. आणि सर म्हणतात की पुढच्या वर्षी तिला एक इंच लांब बॅट घ्यावी लागेल, तेव्हा खणाचा वरचा पट्टा पुरेल की नाही, याची काळजी वाटते.

कॅचरचे बाबा

बाटलीच्या खणाला वरून इलॅस्टिकचा फास घालून घ्या, आम्ही तसेच केले आहे. आणि दादा, माझ्या मुलाच्या बॅगेचे एक चाक निखळले आहे, उद्या आणतो.

दोरा आणि चेन

चाक बसवून देईन, सोबत निखळलेला भागही आणावा. ताई, बॅटच्या खणाच्या वरच्या शिवणीत मी आधीच दीड इंचाची माया (जास्तीचे कापड) ठेवली आहे आणि पट्टाही आत दुमडून शिवला आहे. नवी बॅट आली की बॅग आणि बॅट दोन्ही घेऊन मुलीला पाठवा. टीप उसवून तासाभरात वाढवून देतो. बाटलीचा खणही तेव्हाच दोन बोटे उंच करू.